शेवटच्या डब्याचा लाल दिवा

अहेरीत रेल्वे नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या माणसाला जिल्ह्याचं म्हणून सांगता येईल असं स्टेशन म्हणजे उत्तरेच्या टोकाचं वडसा. तिथून गडचिरोलीपर्यंतच्या नव्या मार्गाचं काम चालू आहे, पण अहेरी त्याच्याही बरीच दक्षिणेला राहते. अहेरीकराला आगगाडी पाहायची तर आलापल्ली, आष्टी, गोंडपिपरी करत बल्लारशा गाठायचं, नाहीतर प्राणहिता ओलांडून तेलंगणातल्या सिरपूर कागजनगरला जायचं. दोन्ही स्टेशनं एकाच दिल्ली–चेन्नई लोहमार्गावरची. त्यामुळे इथल्या अनेक मुलांची आगगाडीशी पहिली भेट मोबाईलच्या पडद्यावर होते, आणि पडद्यावर दिसतं ते इंजिन. शेवटचा डबा कुणी दाखवत नाही.

रेल्वेच्या माणसाचं लक्ष मात्र शेवटच्या डब्यावर असतं. बल्लारशाच्या आसपासच्या एखाद्या लहान स्टेशनवर न थांबणारी मालगाडी धडधडत निघून जाते, तेव्हा हिरवा झेंडा धरून उभा असलेला रेल्वेचा माणूस इंजिन गेलं म्हणून आत वळत नाही. पन्नास-साठ वाघिणी डोळ्यांखालून जाऊ देतो आणि सगळ्यात मागे काय लटकलंय ते पाहतो. दिवसा तिथे ‘एलव्ही’ ही इंग्रजी अक्षरं लिहिलेली पाटी असते. अर्थ सरळ, शेवटचं वाहन. रात्री तिथे लाल दिवा, म्हणजे टेल लॅम्प, लुकलुकत असतो. पाटी किंवा दिवा दिसला तरच ‘गाडी पूर्ण गेली’ असं मानायचं. त्यानंतरच मागचा ब्लॉक सेक्शन, म्हणजे दोन स्टेशनांमधला तो रुळाचा तुकडा, मोकळा झाला असं मागच्या स्टेशनला कळवायचं आणि मगच पुढच्या गाडीला लाइन क्लिअर, म्हणजे सेक्शनमध्ये शिरायची परवानगी, मिळायची.

दिवा दिसलाच नाही तर? तर गाडी डोळ्यांसमोरून गेलेली असली तरी ती पूर्ण गेली असं म्हणता येत नाही. कुठेतरी कपलिंग तुटून मागच्या दहा-वीस वाघिणी रुळावरच राहिल्या असण्याची शक्यता उरते. मग मागच्या स्टेशनला सावध करायचं, त्या मार्गावर दुसरी गाडी सोडू द्यायची नाही आणि पुढच्या स्टेशनला सांगून गेलेली गाडी थांबवून तपासायची. आता अनेक ठिकाणी रुळाला जोडलेली यंत्रं सेक्शनमध्ये शिरलेले आणि बाहेर पडलेले आस मोजतात आणि आकडा जुळला तरच मार्ग मोकळा ठरवतात. तरीही शेवटचा दिवा पाहण्याची शिस्त रेल्वेने सोडलेली नाही, आणि माझ्या मते ती सोडूही नये. इतक्या कमी खर्चात इतकी मोठी खात्री देणारी दुसरी वस्तू रेल्वेत क्वचितच सापडेल.

गाडीचा मागचा भाग सुटला तर काय होतं याचा एक भयंकर धडा आयर्लंडमधल्या आर्मा इथे मिळाला. १२ जून १८८९ रोजी मुलाबाळांनी भरलेली सहलीची गाडी चढावर अडली. गाडीचे दोन भाग करून पुढचा आधी वर न्यायचा असं ठरलं. त्या गाडीचे ब्रेक इंजिनाशी जोडलेले असेपर्यंतच चालणारे होते. सोडवलेल्या डब्यांना मागच्या ब्रेकव्हॅनचा हातब्रेक आणि चाकांखाली लावलेले दगड एवढाच आधार उरला. ते डबे उतारावरून मागे सुटले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ८० माणसं गेली. त्याच वर्षी ब्रिटनच्या संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारे ब्रेक आणि ब्लॉक पद्धत सक्तीची केली.

आज आपल्या मालगाडीच्या ब्रेकनळीत दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाबाची हवा असते. गाडी मधेच तुटली तर नळी उघडी पडते, हवा निघून जाते आणि दोन्ही तुकड्यांचे ब्रेक आपोआप लागतात. डबे उतारावरून घरंगळण्याची भीती त्यामुळे पुष्कळच कमी झाली. पण मागचा तुकडा जागच्या जागी उभा राहिला तरी तो रुळावरच असतो आणि मागून येणाऱ्या चालकाला अंधारात तो दिसायलाच हवा.

दिवा लुकलुकताच का हवा, स्थिर का नको? रात्रीच्या काळोखात दूरचा स्थिर लाल ठिपका सिग्नलचा असेल, फाटकावरचा असेल, नाहीतर कुणाच्या घरावरचा. त्यावरून अंतर कळत नाही आणि तो आपल्याच रुळावर आहे की बाजूला, तेही कळत नाही. शिवाय डोळ्याला बदल चटकन जाणवतो. नजर थेट तिकडे नसली तरी कडेला काही पेटतं-विझतं आहे हे ध्यानात येतं. रॉकेलच्या दिव्याला लुकलुकणं जमत नव्हतं. बॅटरी आणि एलईडी आल्यावर ते सोपं झालं, आणि अर्धाअधिक वेळ विझलेला दिवा बॅटरीही कमी खातो. गार्ड (२०२२ पासून त्यांच्या पदाचं अधिकृत नाव ट्रेन मॅनेजर) आपल्या ब्रेकव्हॅनच्या किंवा डब्याच्या मागच्या भिंतीवर तो अडकवतात.

अमेरिकेत मालगाडीच्या शेवटचा गार्डाचा डबाच १९८० च्या दशकात हळूहळू काढून टाकण्यात आला. त्याच्या जागी शेवटच्या वाघिणीच्या कपलिंगवर बसणारी एक पेटी आली. तिच्यावर लुकलुकणारा दिवा असतो, ती ब्रेकनळीला जोडलेली असते आणि शेपटीकडे हवेचा दाब किती आहे ते रेडिओवरून इंजिनात कळवत राहते. तिथल्या नियमानुसार दिव्याचा रंग लाल ते पिवळसर-नारिंगी या पट्ट्यातला आणि लुकलुकणं साधारण सेकंदाला एकदा, असं ठरलेलं आहे. भारतीय रेल्वेनेही ब्रेकव्हॅनशिवाय मालगाडी चालवण्यासाठी अशा यंत्रांच्या दिशेने पावलं टाकली आहेत.

हाच दिवा घरच्या मॉडेल रेल्वेवर, म्हणजे खऱ्या गाडीच्या छोट्या चालत्या प्रतिकृतीवरही लावता येतो. आता तिकडे वळू. मॉडेल रेल्वे हा पैसेवाल्यांचा छंद, असा समज आपल्याकडे आहे. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुलं झालं. सिग्नल, उड्डाणपूल, दिव्यांचे खांब आणि त्यांच्यामधून धावणाऱ्या गाड्या असलेलं ते जग पाहिलं की हे सगळं आपल्या आवाक्याबाहेरचं आहे असं वाटणं साहजिक आहे. पण एका वाघिणीच्या मागे एक खरा वागणारा दिवा लावायला संग्रहालय लागत नाही. अहेरीसारख्या गावातलं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आणि पंपाच्या मोटारी वाइंड करणारा कारागीर, एवढी दोन ठिकाणं जवळपास पुरतात.

आधी मापं. सगळ्यात प्रचलित एचओ प्रमाणात खरी वस्तू ८७ पटीने लहान होते. चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात सतत दिसणारी बॉक्सएन वाघीण कपलिंगसह १०.७१ मीटर लांब आहे. मॉडेलमध्ये ती १२३ मिमी होते. अशा ५८ वाघिणींचा पूर्ण रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, करायला गेलो तर मॉडेलसुद्धा सात मीटरच्या पुढे जातं, म्हणून घरात आठ-दहा वाघिणी आणि मागे एक ब्रेकव्हॅन एवढ्यावर समाधान मानावं. आपल्या ब्रॉडगेजचं अंतर १,६७६ मिमी, म्हणजे मॉडेलमध्ये सव्वाएकोणीस मिमी यायला हवं. बाजारात मिळणारा रूळ १६.५ मिमीचा असतो. हा फरक बहुतेक हौशी माणसं चालवून घेतात. ज्याला तो डाचतो त्याने गोंदिया–चांदा फोर्ट हा जुना नॅरोगेज मार्ग करायला घ्यावा. वडसा त्याच मार्गावरचं, आणि १९९० च्या दशकात तो ब्रॉडगेज झाला. नॅरोगेजचे ७६२ मिमी मॉडेलमध्ये पावणेनऊ मिमी होतात आणि ९ मिमीचा तयार रूळ सहज मिळतो. त्या काळच्या इंजिन-डब्यांची अंगकाठी जवळून पाहायची असेल तर नागपूरला मोतीबागचं नॅरोगेज संग्रहालय आहे.

दिव्याचं मापही याच हिशेबाने. नेहमीचा ३ मिमीचा एलईडी लावला तर प्रमाणात तो २६ सेंटिमीटरचा होतो, म्हणजे ब्रेकव्हॅनच्या पाठीवर परात टांगल्यासारखा दिसतो. मोबाईलच्या पट्टीवर बसतात तसे चपटे एलईडी १.६ मिमी लांब आणि ०.८ मिमी रुंद मिळतात. ते बरोबर शोभतात. त्यांना तार जोडणं हे बारीक काम आहे. एलईडी दुहेरी चिकटपट्टीवर उलटा चिकटवायचा, टोकांना फ्लक्सचा ठिपका द्यायचा, वाइंडिंगच्या दुकानातली केसासारखी बारीक तांब्याची तार घ्यायची, तिच्या टोकावरचं वार्निश खरवडून टोक आधी कल्हईसारखं कथिलाने माखून घ्यायचं, आणि मग तापलेल्या सोल्डरिंगची टोकदार चोच क्षणभर टेकवायची. डाग बसतो. चोच दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकली तर एलईडी जळू शकतो. मोबाईल दुरुस्त करणारा मुलगा हे काम रोज करतो. त्याच्या शेजारी अर्धा तास बसून पाहिलं तर पुस्तकापेक्षा जास्त कळेल.

खरा प्रश्न विजेचा. साध्या डीसी मॉडेलमध्ये रुळातून ० ते १२ व्होल्ट सोडले जातात. व्होल्टेज वाढवलं की गाडी पळते, शून्य केलं की थांबते. बहुतेक जण चाकांवर धातूची पत्ती टेकवून हीच वीज दिव्यासाठी घेतात. परिणाम असा की गाडी थांबली की दिवाही विझतो. उभ्या गाडीच्या पाठीशीच तर तो सर्वांत जास्त लागतो! सेक्शनमध्ये अडकलेली गाडी, मागून येणारी दुसरी गाडी आणि मधे विझलेला दिवा हे मॉडेल खऱ्या रेल्वेच्या नेमकं उलटं शिकवतं. त्यामुळे या एका मुद्द्यावर मी तडजोड करणार नाही: गाडी थांबल्यावर विझणारा दिवा लावण्यापेक्षा न लावलेला बरा.

कपॅसिटर लावून ही उणीव थोडी भरते, पण थोडीच. ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १२ व्होल्टला भरला आणि २,२०० ओहमच्या रेझिस्टरमधून एलईडीला जोडला, तर वीज गेल्यावर दिवा जेमतेम दीड-दोन सेकंद मंदावत जळतो. रुळावरच्या धुळीने चाक क्षणभर उचललं गेलं तर तेवढं पुरतं, थांबलेल्या गाडीला पुरत नाही. डीसीसी नावाच्या पद्धतीत रुळात कायम पूर्ण वीज असते आणि इंजिनाला फक्त संकेत जातात. तिथे दिव्याची अडचणच येत नाही. पण ती यंत्रणा महाग.

अहेरीत बसून करायचं तर बटण सेल सगळ्यात बरा. सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल घड्याळाच्या दुकानात मिळतो. त्याचा व्यास २० मिमी, जाडी ३.२ मिमी. एचओ प्रमाणात वाघिणीची रुंदी ३६-३७ मिमी भरते, म्हणजे ब्रेकव्हॅनच्या जमिनीवर सेल आडवा झोपवला की बाहेरून दिसतही नाही. सेलची कोठडी स्क्रूने बंद होईल अशीच करावी. लहान मुलाने बटण सेल गिळला तर अन्ननलिकेला काही तासांत गंभीर इजा होते, त्यामुळे नुसतं झाकण दाबून बसवणं पुरेसं नाही.

लुकलुकण्यासाठी सर्वांत सोपा उपाय गणपतीच्या आराशीत सापडतो. आपोआप उघडझाप करणारे एलईडी मिळतात. त्यांच्या पोटातच एक छोटी चिप असते, सेलला जोडले की चालू. पण त्यांचा वेग आपल्या हातात नसतो आणि बहुतेक फार घाईने लुकलुकतात. खऱ्या गाडीचा ठेका हवा असेल तर ५५५ नावाच्या टायमर आयसीकडे जावं. हान्स कामेनझिंड या स्विस अभियंत्याने अमेरिकेत १९७१ मध्ये तो आखला, पुढच्या वर्षी तो सिग्नेटिक्स कंपनीने बाजारात आणला, आणि आजही तो जगभर वापरला जातो. मूळ ५५५ ला निदान साडेचार व्होल्ट लागतात. ३ व्होल्टच्या सेलवर चालवायला त्याचाच कमी वीज खाणारा भाऊ ७५५५ घ्यावा. तो मात्र नागपूरहून मागवावा लागेल.

जोडणी अशी. पाय ८ आणि ४ सेलच्या धन टोकाला, पाय १ ऋण टोकाला. पाय ८ आणि ७ यांच्यामध्ये १० लाख ओहमचा रेझिस्टर, ७ आणि ६ यांच्यामध्ये २ लाख २० हजार ओहमचा. पाय २ आणि ६ एकमेकांना जोडायचे आणि तिथून पाय १ कडे १ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर. एलईडीचं धन टोक ४७० ओहमच्या रेझिस्टरमधून सेलच्या धन टोकाला, ऋण टोक पाय ३ ला. पाय ५ मोकळा ठेवला तरी चालतं.

आत काय घडतं ते समजून घेण्यात मजा आहे. कपॅसिटर दोन्ही रेझिस्टरांमधून हळूहळू भरतो. व्होल्टेज सेलच्या दोन तृतीयांशावर पोचलं की आयसी पाय ७ ऋण टोकाला जोडून देतो आणि कपॅसिटर फक्त लहान रेझिस्टरमधून रिकामा होऊ लागतो. एक तृतीयांशावर उतरला की पुन्हा भरायला सुरुवात. भरायचा वेळ म्हणजे ०.६९३ गुणिले दोन्ही रेझिस्टरांची बेरीज गुणिले कपॅसिटर: इथे सुमारे ०.८५ सेकंद. रिकामं होण्याचा वेळ याच सूत्राने, पण एकट्या लहान रेझिस्टरवर: सुमारे ०.१५ सेकंद. आपण एलईडी असा जोडला आहे की तो रिकामं होतानाच पेटतो. म्हणजे सेकंदाला एक छोटा, ठसठशीत लखलखाट. एलईडी पेटलेला असताना सुमारे २ मिलिअँपियर घेतो, पण सेकंदाच्या सातव्या हिश्शाइतकाच वेळ पेटत असल्याने सरासरी ०.३ पडते. आयसीचा स्वतःचा खर्च धरून ०.४ म्हणू. सेलची क्षमता सुमारे २२० मिलिअँपियर-तास. भागाकार केला की पाचशे तासांच्या वर चालायला हवा. रोज संध्याकाळी तासभर खेळलं तरी वर्ष निघतं. लहान रेझिस्टर बदलून लखलखाट लांबवता येतो, मोठा बदलून मधला अंधार. मुलांना हे दोन रेझिस्टर हातात देऊन ठेका बदलायला सांगावं. शाळेच्या पुस्तकातला ओहमचा नियम पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

बसवताना दोन-तीन गोष्टी सांभाळायच्या. प्लास्टिकच्या डब्यात दिवा लावला की अख्खी भिंत लाल होऊन पेटल्यासारखी दिसते, म्हणून आतून आधी काळा रंग मारावा आणि त्यावर हवा तो. दिवा ब्रेकव्हॅनच्या मागच्या भिंतीवर, गार्ड अडकवतात तसा बाहेर आलेला हवा, खिडकीच्या आत नको. फार झगझगीत वाटला तर ४७० ऐवजी एक हजार ओहमचा रेझिस्टर घालावा; खरा टेल लॅम्प खोलीभर उजेड पाडत नाही. पेटवायला-विझवायला छतावर छिद्र पाडून बटण बसवण्यापेक्षा आत रीड स्विच ठेवावा, म्हणजे काचेच्या नळीतला, चुंबकाने उघडझाप होणारा. छतावरून चुंबक फिरवला की दिवा सुरू. चुंबक दूर गेल्यावरही स्थिती टिकवणारा रीड स्विच मागावा, नाहीतर चुंबक तिथेच चिकटवून ठेवावा लागेल.

शेवटच्या डब्याचं वजन आणि चाकांचा घर्षणविरोध याकडे नवखी माणसं लक्ष देत नाहीत. मागचा डबा जड चालू लागला की गाडी वळणावर आतल्या बाजूला ताणली जाते आणि मधल्या हलक्या वाघिणी आत कलंडतात. खऱ्या लांब मालगाड्यांनाही हा धोका असतो. रुळावरून वीज घेणाऱ्या पत्त्या चाकांवर दाबून बसवल्या की नेमकं हेच होतं. सेलचा हाही एक फायदा. वजनासाठी अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेचं एक उपयोगी सूत्र आहे: एचओ डब्याला मुळात एक औंस, आणि लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. आपल्या १२३ मिमीच्या वाघिणीला ते सुमारे ९७ ग्रॅम येतं. सगळ्या वाघिणी या मापाच्या जवळ आणल्या की गाडी वळणावर नीट चालते.

दिवा लागला की त्याला काम द्यायचं. फळीच्या दोन टोकांना दोन स्टेशनं मांडावीत, मधला रूळ हा एकच ब्लॉक सेक्शन. प्रत्येक स्टेशनावर एक मुलगा किंवा मुलगी स्टेशन मास्तर. मधे पुठ्ठ्याचा डोंगर किंवा झाडी उभी करावी, म्हणजे एका टोकाचं दुसऱ्याला दिसणार नाही. खोलीतला दिवा मालवावा. नियम एकच: गाडी आली, शेवटचा लाल दिवा दिसला, तरच तोंडाने ‘गाडी पूर्ण आली’ म्हणायचं, आणि ते ऐकल्याशिवाय दुसऱ्याने पुढची गाडी सोडायची नाही. दोन-चार फेऱ्या सुरळीत झाल्या की तिसऱ्या कुणीतरी डोंगराआड हळूच मधलं कपलिंग सोडावं. इंजिन पाच वाघिणी घेऊन पलीकडे पोचेल. मागच्या चार वाघिणी आणि ब्रेकव्हॅन डोंगराआड उभे राहतील, आणि त्यांचा दिवा तिथे सेलवर लुकलुकत राहील. पलीकडच्या स्टेशन मास्तरने शेवटच्या वाघिणीच्या पाठीकडे पाहून ‘लाइन बंद’ म्हटलं तर त्याला टेल लॅम्प कळला. म्हटलं नाही, तर मागून सोडलेली दुसरी गाडी कुठे जाऊन थांबते ते त्याला पाहू द्यावं, वाघिणी पुन्हा रुळावर चढवाव्यात, आणि स्टेशन मास्तरांच्या जागा बदलून खेळ नव्याने सुरू करावा.